कॉलेजला नवीन डिग्री कोर्स काढायचाय? आधी एसटीचं टाइमटेबल बघा

दरवर्षी पाऊस लागला की आमच्याकडच्या सगळ्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, एफवायला किती आले. बीएला किती, बीकॉमला किती, सायन्सची तुकडी भरली का, आणि आकडा मागच्या वर्षीपेक्षा खाली आला की संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, काहीतरी नवीन काढूया, त्या अमक्या कॉलेजने काढला तर त्यांच्याकडे रांग लागली. मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, नवीन कोर्सच्या कमिटीवर तीनदा बसलोय. त्यातला एक कोर्स आम्हाला बंद करावा लागला, एक कसाबसा चालतोय, आणि एक खरंच चांगला चाललाय. या तीन वेळांत जे कळलं ते लिहून ठेवतोय, पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून शोधायला लागू नये म्हणून.

सगळ्यात आधी बंद पडलेल्या कोर्सबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच कळली. मुंबईत मीडियाच्या कोर्सला गर्दी आहे म्हणून आम्हीपण काढला. पहिल्या वर्षी वर्ग बऱ्यापैकी भरला, सगळे खूश, पेपरात फोटो. ऑगस्टमध्ये मी सहज सगळ्या तुकड्यांचे आकडे एकाखाली एक मांडले तर जेवढी पोरं नवीन कोर्सला आली जवळपास तेवढीच बीएला कमी झाली होती. कॉलेजची एकूण बेरीज होती तिथेच. म्हणजे अनुदानित तुकडीतली पोरं आम्ही विनाअनुदानित तुकडीत नेऊन बसवली, त्यांच्या आईवडिलांकडून जास्त फी घेतली आणि वर बीएचा वर्कलोड कमी झाला म्हणून एका शिक्षकाची झोप उडाली. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, हा कोर्स नसता तर हे पोर कुठे गेलं असतं? उत्तर जर 'आपल्याच बीकॉमला' असं असेल तर तो कोर्स काढून संख्या वाढत नाही. जे पोर मुंबई, पुणे, कोल्हापूर नाहीतर गोव्याला गेलं असतं, किंवा बारावीनंतर घरी बसलं असतं, ते आलं तर वाढ.

आता मोजायला कुठून सुरू करायचं. आपल्याकडे लोक रिझल्टवर जातात, कोकण बोर्ड राज्यात पहिलं. खरंच आहे, २०२५ ला बारावीचा निकाल ९६.७४ टक्के लागला. पण कोकण बोर्ड म्हणजे फक्त दोन जिल्हे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आणि या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये वाढली नाही, उलट घटली, रत्नागिरीची पावणेपाच टक्क्यांच्या वर आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांच्या वर. पास होणारी पोरं भरपूर टक्के आहेत पण मुळात पोरंच कमी आहेत. टक्केवारीवर वर्ग भरत नाही, डोक्यांवर भरतो. म्हणून तालुक्यातल्या आणि शेजारच्या दोन तालुक्यांतल्या हायस्कूलांत जाऊन आठवीपासून बारावीपर्यंतची पटसंख्या लिहून आणा. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, सगळं भरलेलं असतं, मुख्याध्यापक चहा पाजून देतात. आज आठवीत असलेलं पोर पाच वर्षांनी एफवायला बसणार, म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा आकडा आजच तुमच्या हातात येतो. आम्ही हे केलं तेव्हा दोन हायस्कूलांत आठवीचा वर्ग बारावीपेक्षा इतका लहान होता की कमिटीतले दोघे गप्पच झाले. कोर्स सुरू करायला दोन वर्षं, पहिली बॅच बाहेर पडायला तीन, तोपर्यंत हीच आठवी तुमच्या दारात उभी असणार, त्यामुळे इनटेक, म्हणजे प्रवेशाच्या जागा, साठ मागायच्या की तीस हे या कागदावरून ठरवा, हौसेवरून नको.

त्यानंतर एसटी. हे कुठल्याच विद्यापीठाच्या फॉर्मवर विचारत नाहीत पण कोकणात निम्मे अॅडमिशन एसटीवर ठरतात. एकदा संध्याकाळी साडेपाचला स्टँडवर जाऊन उभे राहा. आमच्या स्टँडवर एक मुलगी रोज प्रॅक्टिकल अर्धवट टाकून यायची, कारण तिच्या गावची संध्याकाळची गाडी पाचला सुटायची आणि ती गेली की पुढची थेट वस्तीची, रात्री. गाडी गावच्या फाट्यावर सोडते, तिथून घर दोन किलोमीटर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून, पावसात काळोख लवकर पडतो, आई बॅटरी घेऊन फाट्यावर थांबायची. अशा मुलीला तुम्ही दुपारी बारा ते सहाच्या शिफ्टचा नवीन सायन्स कोर्स दिला तर ती येणारच नाही, कोर्स कितीही चांगला असो. म्हणून नकाशावर गावं मांडा, प्रत्येक गावाची पहिली आणि शेवटची गाडी लिहा, दोन्ही गाड्यांत कॉलेजची वेळ बसते अशी गावं किती ते बघा. तेच तुमचं खरं कार्यक्षेत्र. डेपो मॅनेजरला वेळ अर्धा तास पुढे करायला पत्र देता येतं, पासधारकांची यादी जोडली की बरेचदा ऐकतातही, आमचं ऐकलं.

मग पोरांना आणि पालकांना विचारणं. इथे बहुतेक कॉलेजं गूगल फॉर्म काढतात, 'आपल्याला डेटा सायन्सचा कोर्स आवडेल का', आणि सगळे हो वर टिक करतात. त्या फॉर्मचा काही उपयोग नाही. आवडेल का असं विचारू नका, काय केलंत ते विचारा. मागच्या दोन वर्षांत तालुक्यातून बारावी झालेली आणि तुमच्याकडे न आलेली पन्नासएक पोरं शोधा, ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकांकडे नंबर असतात, आणि एकेकाला फोन करा. कुठे गेलास, खोलीभाडं किती, आईवडील काय म्हणाले, परत आलास का, इथे काय असतं तर गेला नसतास. वीस फोन झाले की चित्र दिसायला लागतं. आमच्या फोनांत असं निघालं की मुलगे मुंबईला कोर्ससाठी जात नाहीत, काकाच्या खोलीवर राहून नोकरी बघत कॉलेज करायला जातात, त्यांना आपण कुठलाही कोर्स दिला तरी थांबणार नाहीत. थांबणार होत्या मुली. एक आई फोनवर म्हणाली, "सर, चेडवाक मुंबयक धाडुचा नाय माका, हयसरच काय शिकाक गावात ता सांगा." म्हणजे मुलीला मुंबईला पाठवायचं नाही मला, इथेच काय शिकायला मिळेल ते सांगा. हे एक वाक्य आमच्या सगळ्या सर्व्हेपेक्षा जास्त कामाचं ठरलं.

मुलींचा विषय निघालाच आहे तर फीचंपण बघून घ्या. २०२४-२५ पासून शासनाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. म्हणजे जी मुलगी तुमच्या सेल्फ फायनान्स कोर्सला वीस हजार भरणार, तिला फार्मसी किंवा इंजिनिअरिंग बिनफीचं मिळू शकतं. तुमची स्पर्धा शेजारच्या कॉलेजशी कमी आणि या सवलतीशी जास्त आहे. ही तुलना पालक घरी करतातच, तुम्ही आधी करा.

आता काम कोण देणार. कोर्सच्या प्रस्तावात सगळे लिहितात 'पर्यटन क्षेत्रात भरपूर संधी', कारण सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. मान्य, पण संधी म्हणजे कोण, नाव, पत्ता, किती जागा, किती पगार हे लिहायला घ्या. मालवण तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की हॉटेल मॅनेजमेंटची डिग्रीवाला माणूस आम्हाला परवडणार नाही, आम्हाला हिशोब, बुकिंग आणि इंग्रजी-हिंदी फोन सांभाळणारं गावातलंच कोणीतरी हवं. त्यासाठी तीन वर्षांची डिग्री नको, सहा महिन्यांचा सर्टिफिकेट पुरतो. गोव्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या पोरांना तिकडचं काम जवळ वाटतं, ते खरं मार्केट आहे, पण तिथे विचारून या की डिग्री बघतात की भाषा आणि शिफ्टला यायची तयारी. लोट्याची केमिकल एमआयडीसी रत्नागिरी जिल्ह्यात, खेडकडे, तिथे केमिस्ट्रीचं पोर लागतं, पण वेंगुर्ल्याहून कोणी रोज लोट्याला जाणार नाही. अंतर सोडून संधी मोजू नका.

आणि सीझन! हे फार कमी लोक बघतात. नवीन शिक्षण धोरणात ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) आली, म्हणजे पोराने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन क्रेडिट मिळवायचे. कागदावर ओजेटी कधीही टाकता येते, कोकणात नाही. आंब्याचं कॅनिंग एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जोरात, आणि तेव्हाच आपल्या परीक्षा. काजूची बी फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागते. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, म्हणजे फिश प्रोसेसिंगच्या ओजेटीला पोराला जूनमध्ये पाठवलंत तर ते रिकाम्या टेबलाकडे बघून घरी येणार. होमस्टेचा सीझन दिवाळी ते मे. आमच्या फूड प्रोसेसिंगच्या कोर्सला आम्ही ओजेटी काजूच्या वेळेला धरून लावली, परीक्षेच्या आधी. कारखान्यातल्या बायका डोळे झाकून बीचा ग्रेड सांगतात, पोरं पहिल्या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून फक्त सोलतात, हाताला चीक लागून कातडी सोलवटते, मग ग्लोव्हज का घालायचे ते कोणाला शिकवावं लागत नाही. कारखानदारानेच त्यातल्या काहींना पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलं. हा कोर्स चालला त्याचं एक मोठं कारण हेच.

दुसऱ्याचं काम आपण परत काढू नये हेपण. बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राची डिग्री, काढूया असं आमच्याकडे दरवेळी कोणीतरी सुचवतं, समुद्र आहे म्हणून. पण ती डिग्री कृषी विद्यापीठाकडे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, त्याचे प्रवेश वेगळे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न आर्ट्स-सायन्स कॉलेजला ती काढता येत नाही. झूऑलॉजीला मत्स्यपालनाचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, जोडा, कोळंबी प्रकल्पवाल्यांना तेवढं चालतं.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे पण इथे चुकलं की वर्ष जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत आराखडा करतं, तो कलम १०७ मध्ये, आणि नवीन कॉलेज, कोर्स, विषय, जादा तुकडी यांची परवानगी कलम १०९ मध्ये. तुमचा कोर्स तुमच्या तालुक्यासाठी आराखड्यात बसतो का हे आधी बघा, नाहीतर पुढची सगळी मेहनत फुकट. आराखडा बनतो तेव्हा विद्यापीठ सूचना मागवतं आणि कोकणातली कॉलेजं सूचना पाठवत नाहीत, नंतर मुंबईवाले आमच्याकडे लक्ष देत नाहीत म्हणून बोलतात, हे मला मनापासून खटकतं. सूचना लिहून पाठवा. जूनमध्ये वर्ग भरवायचा तर अर्ज आदल्या सप्टेंबरात तयार पाहिजे, मग समिती येणार, लॅब, लायब्ररी, शिक्षक बघणार, शासनाकडे जाणार. ऑटोनॉमस, म्हणजे स्वायत्त, कॉलेजांना यात बरीच मोकळीक असते, तरी बीओएसमध्ये, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात, बाहेरचे तज्ज्ञ बसवायला लागतातच.

आणि विद्यापीठाच्या वर कोण बसलंय तेपण बघा. बीबीए, बीसीए, बीएमएस हे २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतेखाली आले, लगेच राज्याची सीईटी लागू झाली, आणि गावाकडच्या ज्या पोरांना सीईटी असते हेच माहीत नव्हतं ती बाहेर राहिली. त्या वर्षी कित्येक कॉलेजांत जागा रिकाम्या राहिल्या. बीएससी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्सला तो नियम नाही. त्यामुळे दोन कोर्स विषयाने सारखेच असले तरी एकाचं दार बारावीच्या मार्कांवर उघडतं आणि दुसऱ्याचं परीक्षेवर, तालुक्याच्या कॉलेजला याने खूप फरक पडतो.

पैशाचा हिशोब तीन वर्षांचा करा, एका वर्षाचा नको. संस्थेत पहिल्या वर्षाचा हिशोब मांडतात आणि टाळ्या पडतात, कारण पहिल्या वर्षी एकच वर्ग असतो. समजा फी वीस हजार, एफवायला तीस आले, एसवायला त्यातले चोवीस राहिले, टीवायला एकवीस. तिसऱ्या वर्षी तिन्ही वर्ग मिळून पंचाहत्तर पोरं, पंधरा लाख. चार शिक्षक पंचवीस हजारांवर बारा महिने ठेवले की बारा लाख गेले. उरलेल्या तीन लाखांत लॅब, केमिकल, संलग्नीकरण, लाइटबिल. आता तीसच्या जागी वीसच आले तर तिन्ही वर्षं मिळून पन्नासएक, दहा लाख, म्हणजे पगारच निघत नाही. चोवीसला नुसत्या पगाराशी जेमतेम बरोबरी. हा चोवीसचा आकडा आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. शिवाय स्कॉलरशिपचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून उशिरा येतात, तोवर पगार कशातून करणार ते खजिनदाराला आत्ता विचारा.

शिक्षक मिळतो का हे तर परवानगीच्या आधी बघायचं. जाहिरात द्यायच्या आधी चार फोन करा. नेट-सेट झालेला, त्या विषयाचा, आणि तासिका तत्त्वावर तालुक्याला राहायला तयार असा माणूस खरंच आहे का? आमचा जो कोर्स कसाबसा चालतोय तो आयटीचा, पोरं येतात पण शिक्षक दर जूनला बदलतो, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला नोकरी लागली की जातो, आणि त्यांचं काही चुकत नाही, एवढ्या पैशात घर चालत नाही. पण एसवायची पोरं त्याच्यामुळे वाऱ्यावर पडतात आणि घरी जाऊन धाकट्या भावाला सांगतात तिकडे नको जाऊ. असं एक घर गेलं की सगळी वाडी जाते.

म्हणून आता आम्ही डायरेक्ट डिग्री काढतच नाही. आधी सर्टिफिकेट, शनिवार-रविवार, आहेत त्याच शिक्षकांत. चालला तर मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह म्हणून बीए, बीकॉमच्या पोरांना देतो, नवीन धोरणाने ही जागा आयतीच करून दिलीये. दोन वर्षं मायनर भरला, कारखानदाराने परत पोरं मागितली, शिक्षक टिकला, तर मेजरचा, म्हणजे पूर्ण डिग्रीचा, अर्ज. फूडचा कोर्स असाच आला, कोकम आणि आमसुलाच्या एका सर्टिफिकेटपासून, पहिल्या बॅचला गावातल्या बचतगटाच्या बायकापण बसलेल्या. या वाटेने वेळ जातो, पण पोरांच्या तीन वर्षांवर आपण प्रयोग करत नाही.

नावाबद्दल एकच. कोर्सचं नाव पालकाला एसटीत शेजारच्याला सांगता आलं पाहिजे. 'कोस्टल रिसोर्स मॅनेजमेंट' वगैरे समितीला आवडतं, आईला कळत नाही. तिचा प्रश्न असतो, हे बीएससीच ना, याच्यावर एमपीएससीला बसता येतं ना. उत्तर हो असेल तर ते हो पहिल्या ओळीत छापा.

आणि जाहिरात मे महिन्यात करू नका, तोवर सगळं ठरलेलं असतं. आमच्याकडे पोराने कुठे जायचं ते बारावीच्या वर्षीच्या गणपतीत ठरतं. चाकरमानी येतात, आरती झाली की पडवीत बसून काका विचारतो पुढे काय, आणि तिथल्या तिथे होतं, ये माझ्याकडे. त्या पडवीत तुमच्या कॉलेजचं नाव कोणीतरी घेतलं पाहिजे. म्हणून आम्ही श्रावणातच ज्युनियर कॉलेजांत जातो, चालू बॅचमधली त्याच गावची मुलगी बरोबर घेऊन, बोलते तीच.

कोर्स सुरू झाल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक काम जरूर करा. एक साधी वही घ्या आणि नवीन वर्गातल्या प्रत्येकाला एकेकट्याला बसवून विचारा, इथे हा कोर्स नसता तर तू कुठे असतास. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. 'बीकॉमला' किती, 'मुंबईला' किती, मोजा, आणि तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, अॅडमिशनच्या एकूण आकड्याच्या शेजारी. आमच्या फूडच्या वहीत या वर्षी बीकॉमवाले थोडे आहेत, गोव्याला कामाला गेलो असतो म्हणणारे काही आहेत, आणि एका खाली एक सात मुलींनी जवळपास तेच सांगितलंय, 'घरीच असते.'